टोले देणारा परीक्षार्थी

लंडनच्या स्टॅनमोर उपनगरात, एका घराच्या लाउंजमध्ये रविवारी दुपारी तीसेक माणसं पोट धरून हसली. हसवणारा मी होतो. ज्यांना हसली ते माझे वडील होते. ते तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. लोक त्यांना हसतायत हे त्या खोलीत चौघांनाच माहीत होतं. मला, बायकोला, माझ्या दहा वर्षांच्या मुलीला आणि त्यांना.

हसू ओसरतंय तोवर यजमान डॉक्टर म्हणाले, "आता बरंय हो त्यांचं. आता बसायलासुद्धा लागत नाही. सवलतीत घरपोच पास."

पुन्हा हशा. पहिल्यापेक्षा मोठा.

मीही हसलो.

हे आधीच लिहून टाकतो. मागून लिहायचं म्हटलं की माझा हात सबब शोधायला लागतो, आणि सबबी शोधण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी केंब्रिजला राहायचो. "मी केंब्रिजला असतो" हे वाक्य मी फार जपून वापरायचो. बोलून झालं की जरा थांबायचं. ऐकणारा पुढचं स्वतःच भरून घेतो. स्टॅनमोरच्या मंडळींनी माझ्या त्या थांबण्यात एक प्राध्यापक भरला. खरं म्हणजे मी तिथल्या एका ग्रंथालयाच्या तळघरात पुस्तकं वाहायचो. वरून चिठ्ठी आली की कपाट शोधायचं, पुस्तक ट्रॉलीवर घालायचं, लिफ्टनं वर पाठवायचं. माझ्याकडे चिनी पुस्तकांचा विभाग होता. एवढ्या वर्षांत मला चिनी आलं ते इतकंच, की पुस्तक उलटं धरलंय का सुलटं ते कळायचं. कधी कधी तेही चुकायचं.

माझ्या आडनावाचा शेवट 'कर'नं होतो. गावावरून पडलेलं आडनाव. असं आडनाव कुणाचंही असू शकतं. मंडळींनी ते आपल्यातलं धरलं आणि मी त्यांना अडवलं नाही. खोटं एकदाही बोललो नाही. फक्त गप्प बसलो. पाच वर्षं गप्प बसणं किती मेहनतीचं काम आहे ते करणाऱ्यालाच कळतं. स्टॅनमोरचं कुणी घरी येणार म्हटलं की हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो 'काच पुसायला' वरच्या बेडरूममध्ये जायचा. तेवढी पुसलेली काच अख्ख्या केंब्रिजशायरमध्ये नसेल.

ग्रंथालयात मिसेस लिन नावाच्या बाई होत्या. साठीच्या, बारीक, चिनी पुस्तकांच्या नोंदी करायच्या. आमची टी ब्रेकला मैत्री झाली. त्यांनी मला एका जुन्या चिनी कादंबरीकाराची गोष्ट सांगितली. पंचवीस-पंचवीस मिनिटांच्या हप्त्यांनी, दोन हिवाळे.

अडीचशे वर्षांपूर्वीचा माणूस. मोठ्या घरातला. पणज्याच्या पिढीत भावाभावांनी राजाच्या वरच्या परीक्षा दिलेल्या, मोठमोठ्या जागांवर बसलेले. तिकडे तेव्हा परीक्षा म्हणजे सगळं. पास झालात तर तुम्ही माणूस. नापास झालात तर पांढरी दाढी होईपर्यंत पुन्हा बसा. हा पहिल्या पायरीवर पास झाला, पुढे अडला. बापाची इस्टेट हाती आली ती मागेल त्याला देऊन काही वर्षांत संपवली. भाऊबंद पोरांना सांगायचे, त्याच्यासारखं वागू नका. मग तो गाव सोडून मोठ्या शहरात गेला. तिथं खास परीक्षेसाठी त्याचं नाव सुचवलं गेलं. त्यानं तब्येतीचं कारण सांगितलं आणि शेवटपर्यंत बसला नाही. पुस्तकं विकून तांदूळ आणायचा. कडाक्याच्या थंडीत घरात पेटवायला काही नसलं की मित्रांना घेऊन शहराच्या तटाभोवती चालत सुटायचा, गाणी म्हणत, पायात ऊब येईस्तोवर. आणि लिहायचा. परीक्षेपायी वेडे झालेले पंडित, पास होताच गरीब नातलगांची ओळख विसरणारे, दुसऱ्याच्या विद्वत्तेवर स्वतःचं दुकान चालवणारे. सगळ्यांची त्यानं हसतहसत चामडी सोलली. स्वतःलाही त्या रांगेत उभं केलं. तो गेला तेव्हा पुस्तक छापलेलंही नव्हतं.

मिसेस लिननी मला त्याचं इंग्रजी भाषांतर वाचायला दिलं. मी ट्रेनमध्ये वाचायचो आणि मोठ्यानं हसायचो. त्या पुस्तकात मी कुठे आहे का, हा प्रश्न मला शिवलाही नाही.

स्टॅनमोरला दर महिन्याला एकाकडे मराठी अभ्यासवर्ग भरायचा. व्याख्यान, चर्चा, मग जेवण. खरा क्रम उलटा. डॉक्टरांचा फोन आला. "अहो, तुम्ही केंब्रिजचे. तुमच्याकडून काहीतरी चिनी येऊ दे की!" मी लगेच हो म्हणालो. विषय दिला, परीक्षेचं वेड.

त्याच महिन्यात बाबा इंडियाहून आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात सिस्टर असलेल्या आमच्या सुमनताईंनी त्यांना जयंतीला बोलावलं होतं. तिथले आपले लोक, विहारातलं जेवण, बाबांचं चार शब्द बोलणं, सगळं ठरलं होतं. ऐन जयंतीच्या सकाळी मी सुमनताईंना फोन केला. "गाडीचा एक्झॉस्ट तुटलाय हो." तुटलेला नव्हता. तिथे गेलो तर तिथल्या कुणाची ओळख हिंडत हिंडत स्टॅनमोरला पोचेल, ही माझी भीती. तीन आठवड्यांनी त्याच गाडीनं मी बाबांना स्टॅनमोरला घेऊन गेलो.

निघताना दारात म्हणालो, "बाबा, तिथं सगळे नमस्कार म्हणतात."

बाबा बूट घालत होते. त्यांनी वर पाहिलं. "बरं," म्हणाले. कोटावरची निळी पिन काढली, रुमालात गुंडाळली आणि आतल्या खिशात ठेवली. ती काढा असं मी म्हणालो नव्हतो. म्हणायला लागलं नाही.

व्याख्यान रंगलं. दाढी पिकलेले परीक्षार्थी ऐकून मंडळी हसत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांची मुलं त्याच वेळी वरच्या मजल्यावर ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेचे सराव-पेपर सोडवत बसली होती. आई-बाप खाली चिन्यांना हसत होते. मला ते दिसत होतं आणि मी मनातल्या मनात त्यांना हसत होतो. खोलीत शहाणा मी एकटाच, असा माझा समज.

मग शेवटाकडे हशा जरा कमी पडतोय असं वाटलं. हशाची चटक वाईट. मी म्हणालो, "चीनचं कशाला, आमच्या तालुक्याला हायस्कुलात एक शिपाई होता..."

आणि मी त्या शिपायाचा आवाज काढला. बाबांचा नाही, बाबांच्या बोलण्याला दुप्पट गावंढळ करून काढलेला. शिपाई मॅट्रिकला बसतो, पाच वेळा नापास होतो. परीक्षा चालू असताना घंटाही त्यालाच द्यायची असते. पाचव्या निकालाला हेडमास्तर विचारतात, काय रे, कशात गेलास? "सायेब, विंग्रजीत गेलो, गनितात गेलो, पर टोल एकबी चुकला न्हाई!"

तो हशा. त्यावर डॉक्टरांचं ते वाक्य. त्यावर मी.

जेवताना बाबांना सगळ्यांनी अगत्यानं वाढलं. डॉक्टरांच्या पत्नी म्हणाल्या, "आजोबा, मुलगा फार छान बोलतो हो तुमचा. तुम्ही काय करत होतात?" मी हातातला चमचा खाली ठेवला. बाबा म्हणाले, "शाळेत होतो." बाईंनी ते गुरुजी असं घेतलं. बाबांनी मला वाचवलं होतं. माझ्याच पद्धतीनं, गप्प बसून. मी श्रीखंड पुन्हा घेतलं.

परतताना मोटारवेवर मुलगी मागून म्हणाली, "बाबा, ती बेलची स्टोरी आजोबाचा आहे ना?"

मी नजर रस्त्यावर ठेवली.

"आजोबानी मला सांगितला होता लास्ट वीक. तू राँग सांगितला. आजी बेल वाजवली, ते तू सांगितलाच नाही. दॅट्स द बेस्ट बिट."

बायको म्हणाली, "झोप गं जरा."

खरी गोष्ट ही. परीक्षेच्या दिवसांत हायस्कुलात दोन शिपाई लागायचे. एक मुलांना पाणी द्यायला, एक घंटेला. बाबांच्या हातचं पाणी मुलांना चालणार नाही. म्हणून पाण्याला दुसरा आणि घंटेला कायम बाबा. बाबा स्वतः परीक्षेला बसले त्या वर्षीही. हेडमास्तर म्हणाले, "बस की परीक्षेला. नको कोण म्हणतंय? पण टोले चुकता कामा नयेत." दर अर्ध्या तासाला पेन खाली ठेवायचं, ग्राउंड ओलांडायचं, लिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले द्यायचे, धावत परत यायचं. दारात पर्यवेक्षक खिसे तपासायचे. बाहेर जाऊन आला ना, म्हणून. मग पेन उचलायचं. काय लिहीत होतो ते आठवेपर्यंत पुढच्या टोलाची वेळ. अशी पाच वर्षं.

सहाव्या वर्षी त्यांच्या जागी घंटेवर आई उभी राहिली. तिला घड्याळ वाचता येत नव्हतं. बाबांनी पुठ्ठ्यावर तिला ओळीनं घड्याळं काढून दिली, काटे अस्से आले की टोल. ती ऑफिसच्या खिडकीपाशी पुठ्ठा घेऊन उभी राहिली. तीन तास, रोज, पेपर संपेपर्यंत. हेडमास्तरांनी विचारलं, ही कोण? बाबा जागेवरूनच म्हणाले, "माझ्या बदली. टोल चुकला तर मला उठवा." एकही चुकला नाही. बाबा काठावर पास झाले. बत्तिसाव्या वर्षी.

'टोल एकबी चुकला न्हाई' हे वाक्य आईचं. निकालाच्या दिवशी तिनं आळीभर सांगितलेलं. मी ते तिच्या तोंडून काढून एका विदूषकाच्या तोंडात घातलं.

गाडीत बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "त्या चिनी माणसानं परीक्षा सोडली म्हणालास."

"हो. नाव सुचवलं होतं, तरी गेला नाही."

"घरात आधीचे सगळे शिकलेले?"

"हो. मोठे अधिकारी होते."

"मग त्याला सोडता आली." पुढे म्हणाले, "मला सोडायची म्हणलं तरी आधी मिळवाया लागली असती."

मी लेन बदलली. उगाच.

"पर माणूस खरा होता," बाबा म्हणाले. "थंडीत चालायचा म्हणालास ना, ते आवडलं मला. आणि स्वतःलाबी घेतलं म्हणालास पुस्तकात. तू आज सगळ्यांना घेतलंस. मला घेतलंस. तू कुठं व्हतास त्यात?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडणात सुटलो असतो.

सोमवारी मिसेस लिननी विचारलं, "कसं झालं भाषण?"

"उत्तम. फार हसले लोक."

"कुणाला?"

मी म्हणालो, वरून चिठ्ठी आलीय, आणि ट्रॉली घेऊन कपाटांच्या मधे गेलो. चिठ्ठी आलेली नव्हती.

बाबा महिन्यानं परत गेले. विमानतळावर माफी मागायची असं मी ठरवलं होतं. तिथं बॅगेचं वजन जास्त भरलं, लोणच्याची बरणी काढायची की स्वेटर काढायचा यात वेळ गेला, आणि मग ते आत गेले. दोन वर्षांनी गावी वारले. माफीची गोष्ट माझ्याकडेच राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांचा पुन्हा फोन. या वेळी तिथल्या मराठी मंडळाचा मोठा कार्यक्रम, भाड्याचा हॉल. "ते चिनी व्याख्यान पुन्हा होऊन जाऊ दे. आणि तो घंटेचा किस्सा मात्र हवाच हं. लोक अजून काढतात."

'लोक अजून काढतात.' चार वर्षं माझे वडील स्टॅनमोरमध्ये जेवणांनंतर काढले जात होते. बडीशेपेसारखे.

मी हो म्हणालो. बायकोला सांगितलं काय करणार ते. ती म्हणाली, "आता कशाला? बाबा गेले. आपल्याला इथंच राहायचंय." मग इस्त्री करताकरता म्हणाली, "निळा टाय घाला." बाबांची पिन माझ्या टेबलाच्या खणात होती, जाताना विसरून गेले होते की ठेवून, माहीत नाही. ती लावली.

हॉल भरला होता. मी सुरुवात केली. कादंबरीकार सांगितला. त्याचे पंडित सांगितले. हशे आले. मग म्हणालो, "आमच्या तालुक्याला हायस्कुलात एक शिपाई होता." पहिल्या रांगेत लोक आधीच हसायला लागले, एकमेकांना कोपर मारत.

मी आवाज काढला नाही. माझ्याच आवाजात सांगितलं. पाणी का नाही, घंटा का, ते सांगितलं. खिसे सांगितले. पुठ्ठ्यावरची घड्याळं सांगितली. हसू रांगेरांगेनं बंद पडत गेलं, मागच्या रांगेत सगळ्यात शेवटी.

"तो शिपाई माझे वडील," मी म्हणालो. "पुठ्ठा घेऊन उभी होती ती माझी आई. आम्ही महार, आता बौद्ध. मी केंब्रिजला प्राध्यापक नाही, तळघरात पुस्तकं वाहतो. चार वर्षांपूर्वी मी हीच गोष्ट डॉक्टरांच्या घरी विनोद करून सांगितली तेव्हा माझे वडील तिसऱ्या रांगेत बसले होते. डॉक्टर सवलतीबद्दल बोलले. मी हसलो. डॉक्टर, तुमचं वाक्य तुमच्यापाशी. माझं हसू मी परत घेतोय. ते तुम्हाला द्यायला नको होतं."

सेक्रेटरी उठले. "आपण चहा घेऊ या का?"

डॉक्टर माझ्याकडे आले, खरोखर लाल झालेले. "अहो, आधी नाही का सांगायचं? आम्ही असलं काही मानत नाही हो. आधी सांगितलं असतंत तर मी ते बोललोच नसतो."

"तुम्ही बोलला असतात," मी म्हणालो. "मी घरी गेल्यावर."

कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. टाळ्या वगैरे काही नाही.

पुढच्या रविवारी नॉटिंगहॅमला गेलो. सुमनताईंनी दार उघडलं. "जय भीम. आलात? एक्झॉस्ट झाला वाटतं दुरुस्त, चार वर्षांनी?" त्यांना सगळं माहीत होतं. तेव्हाही होतं. आत येऊ दिलं, भाकरी वाढली, पण "जाऊ दे दादा" म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांच्यासाठी हॉल धरला होता आम्ही. माणसं बसून राहिली होती." मी मान खाली घालून जेवलो.

महिन्याभरानं मंडळाचं पत्र आलं. छापील, नीट. त्या दिवशी सगळेच हेलावले होते. म्हणून वर्धापनदिनाला बाबांच्या फोटोला हार घालायचा, 'प्रेरणादायी पालक' म्हणून सत्कार करायचा, मी दोन शब्द बोलायचे. सोबत फोटोची एक प्रत पाठवावी. पत्राखाली डॉक्टरांची सही.

बायको म्हणाली, "त्यांनी हात पुढं केलाय. बाबांनाही बरं वाटलं असतं."

असेल. बाबा उदार होते. पण बाबांना काय वाटलं असतं ते आता माझ्या सोयीनं ठरवायचं नाही. ते जिवंत होते तेव्हा मी विचारलं नाही.

मी उत्तर लिहिलं. फोटो पाठवणार नाही. माझ्या वडिलांचा प्रेरणेसाठी उपयोग होऊ देणार नाही. ज्यांना काही करायचंच आहे त्यांनी आपापल्या जेवणाच्या टेबलावर 'सवलतीत पास' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथं थांबवावं. त्याला हार लागत नाही. माझं नाव मंडळाच्या यादीतून काढावं.

पोस्टाच्या पेटीत टाकलं तेव्हा मोकळं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. बरंच झालं. हार घातला की ती खोली सुटते, आणि खोलीबरोबर मीही सुटतो. मला सुटायचं नाही. मुलगी मोठी होतेय, उद्या तिची मुलं होतील, त्यांना ही गोष्ट मीच सांगणार. आजीचं सगळं सांगणार, आजोबांचं सगळं सांगणार, आणि मी हसलो होतो हे गाळणार नाही. ऐकणाऱ्यानं माझ्याबद्दल काय ठरवायचं ते ठरवावं. आणि कुणी मधेच दयेनं म्हणालं, "जाऊ द्या हो, झालं ते झालं," तर मी थांबेन, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन.